गोदामातील शेजार

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. घरात आवराआवर चालली होती. माळ्यावरची भांडी खाली उतरली होती, गाद्या गच्चीवर उन्हात पडल्या होत्या आणि आमच्याकडे बारा वर्षे घरकाम करणाऱ्या मावशी न्हाणीघराच्या फरशा घासत होत्या. फरशांवर क्षारांचे जुने पांढरे डाग बसले होते. ते काही केल्या निघेनात, म्हणून आदल्या दिवशी मीच दुकानातून दोन बाटल्या आणल्या होत्या. एक फरशी धुण्याच्या ॲसिडची आणि दुसरी कपडे पांढरे करण्याच्या द्रावणाची. त्या मावशींच्या हाती देताना मी म्हणालो होतो, "एकाने निघाले नाहीत तर दोन्ही टाका. डाग राहता कामा नयेत."

मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. आतून खोकल्याचा आवाज आला. पहिल्या खोकल्याकडे मी लक्ष दिले नाही. दुसरी उबळ थांबेना, तेव्हा उठलो आणि न्हाणीघराच्या दाराशी जाताच माझ्या नाकातोंडात असा वास शिरला की क्षणभर श्वासच थांबला. पोहण्याच्या तलावाजवळ येतो तसा, पण त्याच्या कित्येक पट तीव्र. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मावशी भिंतीला धरून ओणव्या झाल्या होत्या. त्यांचा हात धरून मी त्यांना ओढतच अंगणात आणले. पत्नीने त्यांचे डोळे व तोंड भरपूर पाण्याने धुतले आणि आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी वाफ दिली, औषधे दिली आणि संध्याकाळपर्यंत त्यांना तेथेच ठेवून घेतले. अशा वायूचा त्रास कधी कधी काही तासांनंतर वाढतो, हे त्यांनीच आम्हांला सांगितले.

चार दिवसांनी मावशी कामावर आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "माझंच चुकलं, काका."

त्यांचे काहीही चुकले नव्हते. बाटल्या मी आणल्या होत्या, सूचना मी दिली होती. त्या रात्री भिंग घेऊन मी दोन्ही बाटल्यांवरचा बारीक मजकूर वाचला. दुसऱ्या कोणत्याही रसायनाबरोबर मिसळू नये, असे दोहोंवरही छापलेले होते. छत्तीस वर्षे बँकेत लोकांना "सही करण्यापूर्वी वाचून घ्या" असे सांगणाऱ्या माणसाने ते वाचले नव्हते.

परंतु हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच असते, तर मी चार ओळींची सूचना लिहून थांबलो असतो. खरे कारण तो वास आहे. तो मी आयुष्यात प्रथमच घेत नव्हतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी, एका पावसाळी पहाटे, इचलकरंजीतील एका गोदामासमोर उभा असताना मी तोच वास घेतला होता. त्या गोदामाच्या तपासणीच्या अहवालावर माझी सही होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली इचलकरंजीच्या शाखेत झाली. वस्त्रोद्योगाचे गाव. दिवसरात्र मागांचा खडखडाट आणि त्या कापडाला धुणारे, रंगवणारे लहानमोठे कारखाने. या कारखान्यांना रंग व रसायने पुरवणारे व्यापारी आमचे खातेदार होते. त्यांपैकी एका पेढीचे मालक अण्णा. सचोटीचे, शब्दाला जागणारे गृहस्थ. गादीवर पांढरे शुभ्र आच्छादन, समोर दिवाणजी, हिशेब आरशासारखा स्वच्छ. गोदामातील मालाच्या नजरतारणावर त्यांना कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर होती आणि दर तिमाहीला माल मोजून अहवाल देण्याचे काम माझ्याकडे होते.

हे काम कसे चालते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. खातेदार मालाचे विवरणपत्र देतो. अधिकारी गोदामात जातो, थप्प्या मोजतो, नग आणि वजन ताडून पाहतो, दर बिलांशी जुळवतो, विम्याची मुदत तपासतो, बँकेच्या नावाची पाटी दर्शनी भागी आहे की नाही ते बघतो. मग मार्जिन वजा करून उचलीची मर्यादा काढतो. हे सारे मी मन लावून करीत असे. अण्णांच्या गोदामात कॉस्टिक सोड्याच्या व मिठाच्या गोण्या, ॲसिडचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे कॅन, कापड पांढरे करण्याच्या सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे बाजारातल्या 'हायपो'चे, निळे कॅन आणि एका बाजूला हायड्रोसचे लोखंडी डबे असत. हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. व्हॅट रंगांच्या कामात ही पांढरी पूड रोज लागते. लहान रंगारी ती पाच-दहा किलोने नेत, म्हणून एक डबा नेहमी उघडलेला असे.

मृगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता. त्या दिवशी मोजणी करताना उघड्या डब्यापासून हातभर अंतरावर छताच्या पत्र्यातून थेंब पडत असलेले मी पाहिले. गोदामातले जुने हमाल माझ्याबरोबर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, "सायेब, ह्या डब्याला पाणी सोसत न्हाई. आणि ह्यो हायपो आन् ॲसिड एका रांगेत नको. पर जागा कुठं हाय?"

मी वर पाहिले, खाली पाहिले. माझ्या हातातल्या छापील नमुन्यात या गोष्टीसाठी रकाना नव्हता. बाहेरून अण्णांचा आवाज आला, "साहेब, चहा गार होतोय." मी गादीवर जाऊन चहा घेतला आणि अहवालात लिहिले: माल विवरणपत्राप्रमाणे आढळला, साठवण समाधानकारक. खाली सही केली.

आठच दिवसांनी पहाटे शाखेचा शिपाई माझ्या घरी धावत आला. गोदामाला आग लागली होती. रात्रभर पाऊस कोसळला होता. मामा गोदामाच्या पुढच्या भागात झोपत. जळत्या गंधकासारख्या वासाने त्यांना जाग आली, तेव्हा उघड्या डब्यातून धूर निघत होता. कोणीही केले असते तेच त्यांनी केले. बादलीभर पाणी त्यावर ओतले. धूर थांबण्याऐवजी डबा भडकला. आगीच्या धगीने शेजारचे प्लॅस्टिकचे कॅन वितळले आणि जमिनीच्या उतारावर हायपो व ॲसिड एकमेकांत मिसळले. मी पोहोचलो तेव्हा अग्निशमन दलाचे जवान तोंडाला मुसकी बांधून पाण्याचा मारा करीत होते आणि रस्त्यापर्यंत तो वास पसरला होता. मामांना त्याआधीच दवाखान्यात हलवले होते.

मामा वाचले. पण त्यांची छाती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन जिना चढणारा तो माणूस पुढे दहा पावले चालून थांबू लागला. अण्णांनी त्यांचा सारा औषधोपचार केला, पगार बंद केला नाही आणि पुढे गादीच्या दाराशी बसण्याचे काम दिले. विमा कंपनीचा सर्वेक्षक आला, दाव्याची बरीचशी रक्कम मिळाली, खाते नियमित झाले. आमच्या दफ्तरात कारण नोंदले गेले, "आग". माझ्या अहवालावर कोणी आक्षेप घेतला नाही, कारण नगांत व वजनांत एका किलोचाही फरक नव्हता. मामांनी मला आठ दिवस आधी काय सांगितले होते, हे मी कोणाला सांगितले नाही. अण्णांनाही नाही.

न्हाणीघरातल्या त्या वासाने ही सारी फाईल पुन्हा उघडली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. तरी निवृत्तीने दिलेला वेळ हाताशी होता. मी वाचू लागलो आणि रसायनांच्या अपघातांचे चौकशी अहवाल वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की आमच्या गोदामात त्या रात्री जे घडले ते नशिबाचा फेरा नव्हते. प्रत्येक पायरीला कारण होते आणि ते कारण आधीपासून ठाऊक असलेले होते.

प्रथम घरातल्या दोन बाटल्यांचे पाहू. कपडे पांढरे करणाऱ्या द्रावणात सोडियम हायपोक्लोराइट असते. त्यात क्लोरीन जणू कुलपात ठेवलेला असतो. फरशीच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि हे आम्ल त्या कुलपाची किल्ली आहे. दोन्ही एकत्र येताच क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे खाली साचतो आणि नेमका वाकून फरशी घासणाऱ्याच्या नाकाशी रेंगाळतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथील रणभूमीवर हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडण्यात आला होता. ते अस्त्र माझ्या न्हाणीघरात तयार झाले आणि त्याचे दोन्ही घटक मी किराणा सामानाच्या पिशवीतून घरी आणले होते. काच पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. तो हायपोक्लोराइटशी मिसळला तर क्लोरामाइन नावाचे, तितकेच घातक वायू तयार होतात.

आता हायड्रोस. या पुडीला ओल लागली की ती आतून तापू लागते. तापली की विघटन पावते, विघटनातून आणखी उष्णता आणि गंधकाचा उग्र वायू बाहेर पडतो आणि शेवटी ती पेटते. मूठभर पूड असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. डबाभर असेल तर ती आतच कोंडली जाते. शिवाय ही आग बाहेरच्या हवेवर अवलंबून नसते. म्हणून वाळू टाकून ती गुदमरत नाही आणि बादलीभर पाणी तिला खाद्यच पुरवते. ती शमवायची तर प्रचंड पाण्याचा लोंढाच लागतो आणि ते काम अग्निशमन दलाचे. मामांचे "पाणी सोसत न्हाई" हे तीन शब्दांचे वाक्य या संपूर्ण परिच्छेदाहून अचूक होते.

21 एप्रिल 1995 रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या लोडाय या गावी एका कारखान्यात हेच हायड्रोस ॲल्युमिनियमच्या पुडीबरोबर एका मोठ्या मिश्रणयंत्रात होते. त्यात पाणी शिरले. मिश्रण तापू लागले. ते बाहेर काढण्यासाठी माणसे कामाला लावली गेली आणि त्याच वेळी स्फोट होऊन पाच कामगार मृत्युमुखी पडले. 21 ऑक्टोबर 2016 रोजी कॅन्सस राज्यातील ॲचिसन येथे एका कारखान्यात सल्फ्युरिक आम्लाचा टँकर आला. आम्लाच्या टाकीचे आणि हायपोक्लोराइटच्या टाकीचे तोंड शेजारीशेजारी, दिसायला सारखे आणि हायपोचे तोंड उघडे. आम्ल हायपोच्या टाकीत गेले. क्लोरीनचा ढग गावावर पसरला आणि 140 हून अधिक लोकांना औषधोपचार घ्यावे लागले. जे माझ्या घरी दोन बाटल्यांनी केले, तेच तेथे एका टँकरने केले. आणि आपल्याकडचे भोपाळ कोण विसरेल? 2 व 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत जे शिरले ते दुसरेतिसरे काही नसून पाणी होते.

अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने 2002 मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. 1980 ते 2001 च्या मध्यापर्यंत रसायनांच्या परस्परक्रियेमुळे तेथे घडलेल्या 167 गंभीर घटनांचा त्यात अभ्यास आहे. त्यांत 108 माणसे दगावली. व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट ही की यांतील सुमारे 30 टक्के घटना रसायने तयार करणाऱ्या कारखान्यांत घडल्याच नाहीत. त्या रसायने साठवणाऱ्या, हाताळणाऱ्या वा वापरणाऱ्या इतर ठिकाणी घडल्या. धोका केवळ बनवणाऱ्याच्या दारी नसतो, ठेवणाऱ्याच्याही दारी असतो.

ठेवणाऱ्याच्या दारचे सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्या मुंबईचे आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटके होती. कराचीला त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी भरण्यात आल्या होत्या. शिवाय तेल, गंधक, लाकूड आणि सोन्याच्या 124 विटा. स्फोटकांशेजारी कापूस ठेवू नये हे त्या काळीही दर्यावर्दी जाणत होते आणि कप्तानाने या भरणीबद्दल नाराजी दर्शवली होती. पण युद्धाचे दिवस होते, जहाजे कमी होती, जागा नव्हती. कापसात धुमसलेली आग स्फोटकांपर्यंत पोहोचली, दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली, धान्याची कोठारे जळाली, मुंबई दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आजही 14 एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या जहाजाच्या मालाच्या यादीत सोने, कापूस आणि स्फोटके एकाखाली एक लिहिलेली असणार आणि यादीत तरी ती अगदी सुखाने नांदत असणार.

येथेच मला माझी चूक नेमकी दिसली. आपण व्यापारी माणसे आणि आम्ही बँकवाले, दोघेही मालाकडे वहीतून पाहतो. वहीत प्रत्येक वस्तूचे रुपयांत रूपांतर होते आणि रुपये कोणत्याही रुपयांत मिसळता येतात. हायपोचे दहा हजार आणि ॲसिडचे पाच हजार मिळून पंधरा हजार होतात. गोदामात तसे होत नाही. तेथे हायपो आणि ॲसिड यांची बेरीज पंधरा हजार नसते, ती मामांची छाती असते. वही विचारते, काय आहे आणि किती आहे. कशाशेजारी काय आहे, हा तिसरा प्रश्न वही कधी विचारीत नाही, आणि जीव त्या तिसऱ्या प्रश्नात अडकलेला असतो.

वास्तविक हा विचार आपल्या घरांना नवा नाही. माझी आई दह्याताकाच्या पानात डाळीचा पदार्थ वाढत नसे. द्विदल होते, म्हणे. दही चांगले, डाळही चांगली, दोन्ही एकत्र मात्र वर्ज्य. तिची कारणे वेगळी होती, रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की 'स्वतंत्रपणे निर्दोष असलेल्या दोन गोष्टी एकत्र दोषी ठरू शकतात' ही शिस्त ज्या घरांनी स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्यांना ती गोदामात सांभाळणे अवघड जाऊ नये.

ती सांभाळायची कशी, हे मी जाणकारांना विचारले. त्यांनी सांगितलेले थोडक्यात मांडतो. आम्ले एका भिंतीला, हायपो व ब्लीचिंग पावडर दुसऱ्या भिंतीला, आणि मध्ये नुसती मोकळी वाट न ठेवता प्रत्येकासाठी वेगळा कठडा किंवा खोलगट जागा करावी. कॅन फुटला तरी दोन ओघळ एकमेकांना भेटू नयेत. हायड्रोस कोरड्या, गळती नसलेल्या जागी, जमिनीपासून उंच फळीवर असावे, डब्याचे झाकण घट्ट असावे आणि पूड काढण्याचा डाव कोरडा असावा. मोसमी पावसाआधी पत्रे तपासावेत, म्हणजे घरावर कौले शाकारतो त्याच तत्परतेने. पेरॉक्साइडसारखी प्राणवायू पुरवणारी रसायने तेल, बारदान, भुसा यांच्याजवळ नकोत. सांडलेले पेरॉक्साइड लाकडाच्या भुशाने टिपले तर तो भुसा पुढे आपोआप पेट घेऊ शकतो. निरनिराळ्या पुडी एकाच झाडूने लोटून एकाच पिंपात टाकण्याची सवय तर सर्वांत वाईट. थप्प्या वेगळ्या ठेवून आपण केरात त्यांचे लग्न लावून देतो.

किरकोळ विक्री करणाऱ्यांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कोणतेही रसायन भरून देऊ नये. औषधी दुकानात वा किराण्यात सहज मिळणारे पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन ही जोडी पाहा. एक विहिरीत टाकायचे, दुसरे हिवाळ्यात ओठांना लावायचे. परमँगनेटच्या पुडीवर ग्लिसरीन सांडले तर थोड्याच वेळात काडी न लावता जाळ होतो. एका खणात फुटलेली पुडी आणि झिरपणारी बाटली एवढेच त्याला पुरते.

आणि आणखी एक. प्रत्येक रसायनाबरोबर उत्पादकाकडून सुरक्षाविषयक माहितीपत्रक मागून घ्यावे. प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या या पत्रकाचे सोळा भाग असतात. सातव्या भागात माल कसा साठवावा हे असते आणि दहाव्या भागात तो कशाबरोबर ठेवू नये हे असते. बिलाबरोबर ते पत्रक येते, दिवाणजी ते बिलाला टाचतो आणि बिलाबरोबरच ते कपाटात जाते. त्यातील दहावा भाग मराठीत, ठळक अक्षरांत लिहून त्या थप्पीच्या वर लावला तर त्याला खर्च एका कागदाचा येतो. गोदामात कोठे काय आहे याचा साधा नकाशा दारात असावा. आग लागल्यास जवानांनी कोणत्या बाजूला पाणी मारावे आणि कोणत्या बाजूला मारू नये, हे त्यांना अंधारात दुसरे कोण सांगणार?

घरासाठी नियम याहून सोपा आहे. एका वेळी एकच द्रावण, खिडकी उघडी, आणि दुसरे वापरायचे तर पहिले भरपूर पाण्याने धुऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी. वास आलाच तर काय सांडले ते पाहण्यासाठी आत थांबू नये. माणसाला मोकळ्या हवेत आणावे, डोळे धुवावेत, 108 क्रमांकाला फोन करावा आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे. आणि घरकाम करणाऱ्या बाईंच्या हाती बाटली देण्यापूर्वी तिच्यावरचे आपण वाचावे. ती बाटली त्यांनी विकत घेतलेली नसते, तिचे परिणाम मात्र त्यांच्या वाट्याला येतात. घर असो वा गोदाम, माल ज्याच्या मालकीचा असतो तो सहसा त्या मालाच्या सर्वांत जवळ नसतो.

दिवाळी झाल्यावर मी इचलकरंजीला गेलो. अण्णा आता हयात नाहीत. मामाही जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा मुलगा टेंपो चालवतो. पत्ता शोधत मी त्याच्या घरी पोहोचलो. चहा झाला. मी त्याला सांगितले की तुझ्या वडिलांनी मला आठ दिवस आधी सावध केले होते, मी ते लिहिले नाही आणि पुढे कोणाला बोललोही नाही. हे सांगायला मला तीस वर्षे लागली.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ठाऊक हाय, सायेब. आबा सांगायचे, आपण सायबास्नी बोललो हुतो म्हणून."

इतक्या वर्षांत मामांनी बँकेत येऊन मला एकदाही विचारले नव्हते. गादीच्या दाराशी बसलेले असताना मी तपासणीला गेलो की ते उठून नमस्कार करीत आणि मी मालाकडे वळत असे. माझ्याकडे आता दुरुस्त करता येईल असा कोणताही अहवाल उरलेला नाही. उरला आहे तो हा लेख.

म्हणून एक विनंती. लवकरच वर्षअखेर येईल, मालाची मोजणी होईल, विवरणपत्रे तयार होतील. त्या दिवशी आपण स्वतः गोदामात जावे, बरोबर दिवाणजी असावा आणि सर्वांत जुना हमालही असावा. नग मोजून झाले की त्या हमालाला एकच प्रश्न विचारावा, "यातले काय कशाशेजारी नको?" तो जे सांगेल ते लिहून घ्यावे. छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नसेल, तर तो हाताने आखावा.